कॉपियरची डीलरशिप घ्यायची, तर कोणत्या ब्रँडची?

माझी पहिली डीलरशिप मी मार्जिन बघून घेतली. कंपनीचा माणूस आला, त्याने कागदावर खरेदीची किंमत लिहिली, खाली विक्रीची लिहिली, मधल्या फरकाभोवती गोल केला आणि वर तिमाही स्कीम सांगितली. मी सही केली. आठ महिन्यांत चौदा मशीन विकली गेली. नवव्या महिन्यात एका वकिलांच्या ऑफिसातल्या मशीनचा फ्यूजर, म्हणजे छपाई गरम करून कागदावर पक्की करणारा भाग, बिघडला. ऑर्डर टाकली, पण पार्ट यायला सहा आठवडे लागणार होते. वकिलांचं काम काही सहा आठवडे थांबत नाही. शेवटी गोडाऊनमधल्या सीलबंद मशीनचा खोका फोडला, त्यातला फ्यूजर काढला आणि त्यांना बसवला. वर्ष संपेपर्यंत असे तीन खोके फुटले होते. वर्षभराचं मार्जिन त्या तीन उघड्या मशीनमध्ये अडकलं, आणि टार्गेट गाठायला उचललेला पुढचा माल शेजारीच उभा होता.

तेव्हापासून कोणी विचारलं, "ब्रँड कोणता घेऊ?", की मी त्याला उलट्या टोकाने सुरुवात करायला सांगतो. मशीन विकल्यानंतरचं तिसरं वर्ष डोळ्यांसमोर आणा. त्या वर्षी बिघाड होईल तेव्हा पार्ट हाताशी असेल का, तो बसवणारा माणूस असेल का, आणि एवढं करून ग्राहकाच्या सर्व्हिस करारात दोन पैसे सुटतील का? ज्या ब्रँडबद्दल या तिन्ही गोष्टींची खात्री देता येईल, तो विकायला घ्या. ही खात्री तोंडी मिळत नाही, कामं करून मिळवावी लागते. ती कामं मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने पुढे लिहिली आहेत. सगळं नीट केलं तर दोन-तीन महिने जातात. तेवढे द्या.

पहिलं काम: ब्रोशर बाजूला ठेवा, काउंटर वाचा

ज्या भागात तुमचा इंजिनियर तासाभरात पोचू शकतो, त्या भागातली वीस-पंचवीस ऑफिसं निवडा. तिथे सध्या जी मशीन आहेत त्यांचे काउंटर बघू द्या म्हणून विनंती करा. बहुतेक मशीन एका पानावर सगळा काउंटर छापून देतात: एकूण पानं, काळी पानं, रंगीत पानं, ए-३ पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली पानं, स्कॅन. महिन्याने पुन्हा जाऊन दुसरं रीडिंग घ्या. दोन आकड्यांतला फरक हा त्या ऑफिसचा खरा महिना. मालकाला विचारलंत तर तो "रोजची हजारेक पानं" असं सांगतो आणि काउंटरवर महिन्याला सहा हजार दिसतात. उलटही होतं. खोटं कोणी बोलत नसतं, पानं मोजायची सवय कोणालाच नसते.

वहीत आणखी तीन गोष्टी लिहा: मशीनचं वय, सर्व्हिस कोण देतं, आणि शेवटचा बिघाड किती दिवस चालला. तिसऱ्या गोष्टीवर लोक भरभरून बोलतात. त्यांचं ऐका, कारण तुमची भावी विक्री त्यातच आहे.

या वहीतून काय विकायचं ते कळतं. ए-३ चा मुद्दा घ्या. जवळजवळ प्रत्येक ग्राहक "ए-३ लागतोच" म्हणतो, पण एका लाखाच्या काउंटरवर ए-३ पानं दोन-तीनशेच निघतात असं अनेकदा दिसतं. अशी ऑफिसं तुमच्याकडे जास्त असतील, तर ज्या कंपनीची ए-४ मशीन दणकट आहेत ती कंपनी तुमच्या कामाची. आर्किटेक्ट, कारखाने, शाळांची परीक्षा खाती जास्त असतील तर गोष्ट वेगळी. रंगाचंही तसंच. स्कॅनचा आकडा छपाईपेक्षा मोठा निघाला तर वरच्या फीडरची, म्हणजे मूळ कागद आपोआप ओढून घेणाऱ्या भागाची, गुणवत्ता इंजिनच्या वेगापेक्षा महत्त्वाची ठरते.

वेग आणि क्षमता या दोन आकड्यांत गल्लत करू नका. मिनिटाला तीस पानं हा वेग झाला. महिन्याला किती पानं काढावीत हा वेगळा आकडा, आणि त्यातही दोन प्रकार असतात. कमाल मासिक क्षमता म्हणजे एखाद्या महिन्यात मशीन जेमतेम सोसेल तो भार. शिफारस केलेली मासिक पानं म्हणजे वर्षानुवर्षं सुखाने पेलेल तो भार. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी लहान असतो, आणि ब्रोशरवर ठळक अक्षरात पहिला छापलेला असतो. तुम्ही मात्र दुसऱ्यावरच मशीन नेमा.

दुसरं काम: नावामागे इंजिन कोणाचं आहे ते शोधा

आपण मराठीत कुठल्याही कंपनीच्या मशीनवर काढलेल्या प्रतीला झेरॉक्सच म्हणतो. ब्रँडच्या नावाची ताकद एवढी मोठी असू शकते. तरी दुकानात येऊन "झेरॉक्स मशीन दाखवा" म्हणणारा ग्राहक कुठल्याही कंपनीचं मशीन घेऊन जातो, हेही तितकंच खरं. डीलरला पुढच्या बिल्ल्यापेक्षा आतलं इंजिन कोण बनवतं हे माहीत असलं पाहिजे, कारण पार्ट त्या कारखान्यातून येणार आहेत.

या धंद्यात घराणी आहेत. सॅव्हिन, गेस्टेटनर आणि लॅनियर ही नावं रिकोने विकत घेतली, आणि एकच मशीन या वेगवेगळ्या नावांनी विकलं गेलं. यूटॅक्स आणि ट्रायम्फ-अॅडलर या नावांखाली क्योसेराची मशीन येतात. डेव्हलप हे कोनिका मिनोल्टाचं भावंड. एचपीच्या पहिल्या लेझरजेटमध्ये, १९८४ साली, कॅननचं इंजिन होतं. हे माहीत असेल तर दोन फायदे होतात. एका नावाचा पार्ट मिळत नसेल तर भावंडाच्या पार्ट नंबरने शोधता येतो, आणि कोणी "नवाच ब्रँड" घेऊन आला तर इंजिन ओळखून त्याचा मागचा इतिहास तपासता येतो.

घराण्यांची उलथापालथ अजून चालू आहे आणि ती थेट तुमच्या करारावर येते. कोनिका आणि मिनोल्टा २००३ मध्ये एक झाल्या. सॅमसंगचा प्रिंटर व्यवसाय २०१७ मध्ये एचपीकडे गेला. फुजी झेरॉक्स ही जुनी भागीदारी संपली आणि एप्रिल २०२१ पासून ती कंपनी फुजीफिल्म बिझनेस इनोव्हेशन या नावाने काम करू लागली. रिको आणि तोशिबा टेक यांनी जुलै २०२४ मध्ये एट्रिया ही संयुक्त कंपनी सुरू केली आणि मशीनचा विकास व उत्पादन तिच्याकडे नेलं. लेक्समार्क २०२५ मध्ये झेरॉक्सने घेतली. अशा प्रत्येक बदलात कुठली तरी मॉडेलं बंद होतात, कुठले तरी पार्ट नंबर बदलतात, कुठल्या तरी भागात दोन जुने डीलर एकमेकांसमोर उभे राहतात. म्हणून कंपनीच्या माणसाला सरळ विचारा: हे इंजिन पाच वर्षांनी कोण बनवणार? मॉडेल बंद झाल्यावर पार्ट किती वर्षं देणार, आणि ते लेखी आहे का? उत्तर देताना त्याला फोन करून वर विचारावं लागलं तरी चालेल. लेखी उत्तर मात्र आलं पाहिजे.

तिसरं काम: पानाचा हिशेब स्वतःच्या हाताने मांडा

१९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे मशीन आलं. साध्या कागदावर, बटण दाबून प्रत काढणारं ते पहिलं यशस्वी ऑफिस मशीन. ९ बाय १४ इंचांपर्यंतचा कागद त्यावर चाले म्हणून ९१४. वजन जवळजवळ तीनशे किलो आणि किंमत ऑफिसांना न परवडणारी, म्हणून कंपनीने ते भाड्याने दिलं, मीटर लावला, आणि ठरलेल्या प्रतींपुढे प्रत्येक प्रतीचे पैसे घेतले. साठाहून अधिक वर्षं झाली, आपला धंदा अजून त्याच मीटरवर चालतो. मशीन एकदा विकलं जातं, पान रोज विकलं जातं. त्यामुळे दोन ब्रँडची तुलना करताना मशीनच्या किमती शेजारीशेजारी मांडून काही कळत नाही. पानाला लागणारा खर्च शेजारीशेजारी मांडा.

टोनरपासून सुरू करा. खोक्यावरची पानांची संख्या काळ्या टोनरसाठी आयएसओ १९७५२ आणि रंगीत टोनरसाठी आयएसओ १९७९८ या मानकांनुसार मोजलेली असते. त्या चाचणीच्या पानावर दर रंगाची शाई साधारण ५ टक्के भागावर असते, म्हणजे थोडक्या ओळींचं एखादं पत्र. तुमच्या ग्राहकाच्या पानावर लेटरहेडचा पट्टा, तक्ते, शिक्के, सह्यांच्या काळपट प्रती असतात. समजा टोनर २४,००० पानांचा आहे आणि ग्राहकाचं खरं कव्हरेज, म्हणजे पानाचा शाईने भरलेला भाग, ८ टक्के आहे. तर तो टोनर १५,००० पानांतच संपेल. तुम्ही २४,००० धरून पानाचा दर दिला असेल तर टोनरचा खर्च तुमच्या अंदाजाच्या १.६ पट झाला. तुमच्या वहीतल्या ऑफिसांकडून महिन्याभरातली पन्नासेक टाकाऊ पानं मागून आणा आणि नजरेने तरी कव्हरेजचा अंदाज घ्या. अनेक मशीन सरासरी कव्हरेज स्वतःच नोंदवतात, ते सर्व्हिस मोडमध्ये दिसतं.

मग ड्रम, म्हणजे ज्यावर आधी प्रतिमा उमटते आणि मग कागदावर जाते तो दंडगोल. बहुतेक मशीनमध्ये ऑरगॅनिक थराचा ड्रम असतो, आणि तो ठरावीक पानांनी झिजतो. क्योसेराने बराच काळ अमॉर्फस सिलिकॉनच्या ड्रमवर भर दिला आहे. तो कठीण असतो आणि त्याचं आयुष्य लाखोंच्या पटीत मोजतात, म्हणून त्यांच्या मशीनमध्ये पानाचा खर्च कमी पडतो असा त्यांचा दावा असतो. दावा तपासायचा तर आयुष्याच्या आकड्यासोबत ड्रम युनिटची डीलर किंमतही मांडा, कारण महाग ड्रम मुदतीआधी ओरखडला गेला तर तो सोसायचा तुम्हालाच. आणखी एक गोष्ट ब्रोशरमध्ये मिळत नाही. एक-एक पानाची कामं फार असतील तर दर कामाच्या आधी आणि नंतर ड्रम रिकामा फिरतो. दोन लाख पानांचा ड्रम अशा ऑफिसात दोन लाखांपर्यंत पोचत नाही.

मग डेव्हलपर (टोनर ड्रमपर्यंत नेणारा भाग), फ्यूजर, ट्रान्सफर बेल्ट, ब्लेड, रोलर. प्रत्येकाची तुमची खरेदी किंमत भागिले त्याचं आयुष्य. सगळ्यांची बेरीज करा. आणि शेवटी कॉलचा, म्हणजे दुरुस्तीच्या एका फेरीचा, खर्च: इंजिनियरचा महिन्याचा सगळा खर्च, प्रवासासकट, भागिले त्याचे महिन्याचे कॉल. महिन्याला ८,००० पानं काढणारं मशीन दर १६,००० पानांनी बिघडत असेल तर दोन महिन्यांनी एक कॉल आला. तो कॉल १६,००० पानांवर वाटा. अनेक डीलर हा शेवटचा आकडा धरतच नाहीत, आणि स्वस्त टोनरचा ब्रँड महाग का पडतो हे त्यांना वर्षभर कळत नाही.

रंगीत मशीनबाबत एक प्रश्न आवर्जून विचारा: काळं पान छापताना रंगाचे ड्रम आणि डेव्हलपर फिरतात की थांबतात? काही इंजिनांत बेल्ट बाजूला होतो आणि रंगाचे भाग विश्रांती घेतात. काहींत सगळेच फिरतात. दुसऱ्या प्रकारात ग्राहक काळ्या पानाचे पैसे देतो आणि तुमचे तीन रंगीत ड्रम फुकट झिजतात. या एका प्रश्नामुळे मी एकदा जवळजवळ ठरलेला ब्रँड सोडला.

चौथं काम: पार्टचं कपाट आणि इंजिनियरचं डोकं

माझ्या मते निर्णय इथे होतो, त्यामुळे इथे सगळ्यात जास्त वेळ घाला.

जे मॉडेल विकायचं म्हणता त्याच्या सहा पार्टची यादी करा: फ्यूजर, ड्रम युनिट, ट्रान्सफर बेल्ट किंवा रोलर, पिकअप रोलरचा सेट, फीडरचा सेपरेशन रोलर, मेन बोर्ड. ही यादी घेऊन कंपनीच्या किंवा वितरकाच्या गोदामात जा आणि विचारा, आज यातलं शेल्फवर काय आहे? "येईल" हे उत्तर मोजू नका. मग तीच यादी तीन वर्षं जुन्या मॉडेलसाठी विचारा. नव्या मॉडेलचे पार्ट सगळ्यांकडे असतात, जुन्याचे कोणाकडे आहेत त्यावरून कंपनीची नियत कळते. मेन बोर्ड शेल्फवर नसला तरी समजून घेता येतं, तो क्वचित जातो. पिकअप रोलर नसेल तर तिथूनच परत फिरा. रोलर हा रबराचा साधा तुकडा, पण कागद उचलायचं थांबला की ग्राहकाच्या लेखी अख्खं मशीन बंद.

फ्यूजरची मी इतकी धास्ती का घेतो? टोनर म्हणजे बारीक प्लॅस्टिकची भुकटी. ती कागदावर नुसती बसलेली असते, फ्यूजरच्या गरम रोलरखाली वितळून चिकटते. सगळ्या मशीनमधली सगळ्यात तापलेली, सगळ्यात दाबाखालची जागा ती. ९१४ च्या काळात या उष्णतेने आत अडकलेला कागद पेट घेत असे, इतका की कंपनी मशीनसोबत छोटं अग्निशामक देत होती. आता आगी लागत नाहीत, पण बेअरिंग घासतात, फिल्म फाटते, तापमान मोजणारा थर्मिस्टर मळतो. सगळ्या मशीनचा फ्यूजर कधीतरी जाणारच.

म्हणून डेमो मशीन आलं की मी घड्याळ लावून फ्यूजर काढतो. एका मशीनवर बाजूचं दार उघडलं, दोन हिरवे खटके दाबले, युनिट हातात आलं. थंड व्हायची वाट पाहण्यातच काय तो वेळ गेला. दुसऱ्यावर मागचं कव्हर काढायला सात स्क्रू, मग पंख्याची नळी, मग एक कनेक्टर जो डोळ्यांना दिसतच नाही, फक्त बोटांनी चाचपायचा. पन्नास मिनिटं. दोन्ही मशीन ब्रोशरवर सारखीच. पण पहिल्यात माझा इंजिनियर दिवसात पाच कॉल करू शकतो, दुसऱ्यात तीन. पिकअप रोलर अवजाराशिवाय निघतो का, वेस्ट टोनरचा डबा ग्राहक स्वतः बदलू शकेल का, बदलताना भुकटी सांडते का, हेही त्याच वेळी करून बघा. आणि हे स्वतः करू नका, तुमच्या सगळ्यात नव्या इंजिनियरला करायला लावा. तो कुठे अडकतो ते शेजारी उभं राहून लिहा.

ज्ञानाचाही असाच हिशेब. सर्व्हिस मॅन्युअल डीलरला मिळतं का? फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) डाउनलोड करता येतं का, की दर वेळी मेल करून मागायचं? ट्रेनिंग कुठे, किती दिवसांचं, खर्च कोणाचा? इंजिनियर सोडून गेला तर नव्याला पुन्हा पाठवता येईल का, की वर्षभराने पुढच्या बॅचला? मदतीच्या नंबरवर दुपारी तीन वाजता फोन लावून बघा. एरर कोड सांगा. पलीकडचा माणूस मॅन्युअलमधलंच वाचून दाखवतो, की "आधी अमुक सेन्सर पुसा, बहुतेक वेळा तोच असतो" असं म्हणतो, यात फार मोठा फरक आहे.

याच टप्प्यावर दुसऱ्या भागातल्या, त्याच ब्रँडच्या दोन डीलरांना भेटा. मालकांशी चहा घ्या, पण खरं बोलणं त्यांच्या इंजिनियरशी करा. त्यांना मी एकच विचारतो: कोणत्या मॉडेलचा कॉल आला की पोटात गोळा येतो? प्रत्येक ब्रँडचं असं एखादं मॉडेल असतंच. ते मॉडेल तुमच्या मुख्य विक्रीचं असेल तर ब्रँड कितीही मोठा असो, थांबा.

पाचवं काम: महिनाभर स्वतःच्या ऑफिसात चालवा

डेमो शोरूममध्ये बघू नका, आपल्याकडे आणा आणि छळा. स्वस्त कागद घाला, रिसायकल केलेला घाला, रात्रभर उघडा राहून दमट झालेला घाला. स्टेपल काढलेली, कोपरे दुमडलेली कागदपत्रं फीडरमधून सोडा. ग्राहक तेच करणार आहेत.

मग स्कॅन. हल्ली आमच्याकडे येणाऱ्या कॉलमध्ये यंत्राच्या बिघाडाइतकेच नेटवर्कचे असतात. विंडोज १० च्या २०१७ अखेरच्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी-१ (नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायची जुनी पद्धत) मुळातच येत नाही, आणि तेव्हा असंख्य जुन्या मशीनचं फोल्डरमध्ये स्कॅन करणं एका रात्रीत बंद पडलं. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डाने मेल पाठवू देण्याची जुनी सोय काढली, तेव्हा मेलवर स्कॅन करणं अडलं. मशीन तेच, इंजिन धडधाकट, आणि ग्राहक म्हणतो मशीन बिघडलं. ज्या कंपन्यांनी जुन्या मॉडेलनाही फर्मवेअर देऊन नवी पद्धत शिकवली, त्यांचे डीलर तरले. बाकीच्यांनी ग्राहकांची समजूत काढण्यात महिने घालवले. म्हणून तपासा: एसएमबी-३ चालतं का, टीएलएसची (माहिती सुरक्षितपणे पाठवायच्या पद्धतीची) नवी आवृत्ती चालते का, मेलसाठी ओऑथ (पासवर्ड न देता खात्याची परवानगी घ्यायची पद्धत) आहे का, आणि चार वर्षांपूर्वीच्या मॉडेलला शेवटचं फर्मवेअर कधी मिळालं. शेवटच्या प्रश्नाची तारीख कंपनीच्या डाउनलोड पानावर असते, कोणाला विचारावंही लागत नाही.

विंडोज आणि मॅक दोन्हींचे ड्रायव्हर लावून बघा. हार्ड डिस्क असेल तर मशीन परत घेताना ती पुसण्याची सोय आहे ना ते बघा, बँका आणि दवाखाने हे विचारतात.

सहावं काम: कराराचा कागद

डीलर करार मी वकिलाला दाखवल्याशिवाय सही करत नाही, तुम्हीही करू नका. पण वकिलाला हा धंदा माहीत नसतो, तेव्हा काय शोधायचं ते तुम्हीच सांगा.

कंपनी तुमच्या भागात स्वतः विकते का, हे आधी. मोठे ग्राहक कंपनीने आपल्याकडे ठेवले असतील तर ती यादी करारात हवी. नाहीतर तुम्ही सहा महिने एखाद्या कॉलेजच्या मागे फिरता, डेमो देता, आणि शेवटी तिथे कंपनीचाच माणूस तुमच्या खरेदी किमतीच्या खालचा दर देऊन जातो. माझ्याबाबत हे एकदा झालंय, करारात त्याला मनाई करणारं एक वाक्यही नव्हतं. आता मी ग्राहकाची नोंदणी मागतो: एखाद्या ऑफिसची नोंद मी आधी केली तर ठरावीक दिवस तिथे दुसरा डीलर किंवा कंपनी दर देणार नाही.

टार्गेट मशीनच्या संख्येत आहे की रकमेत? संख्येत असेल तर लहान मशीन ढकलून ते भरायचा मोह होतो, आणि लहान मशीनवर सर्व्हिसमध्ये काहीच सुटत नाही. टार्गेट चुकलं तर फक्त स्कीम जाते की डीलरशिपच? पहिल्या वर्षी टार्गेट निम्मं मागा, बहुतेक वेळा मिळतं.

करार मोडला तर न विकलेला माल आणि पार्ट कंपनी परत घेणार का, कोणत्या भावाने, किती दिवसांत? हे कलम नसेल तर तुमच्या कपाटातले पार्ट त्या दिवशी भंगार होतात. त्यानंतरही तुमच्या जुन्या ग्राहकांसाठी टोनर आणि पार्ट मिळत राहतील का? आणि दूरून मीटर वाचणारं सॉफ्टवेअर कंपनीचं असेल, तर त्यातली तुमच्या ग्राहकांची यादी, पानांचे आकडे, करार संपायच्या तारखा कोणाच्या मालकीच्या? ही माहिती दुसऱ्याच्या हातात गेली तर तुमचा ग्राहक कधी फोडायचा हे त्याला दिवसासकट कळतं.

टोनरच्या चिपचाही एक मुद्दा आहे. अनेक कंपन्यांचे टोनर ठरावीक भूभागासाठीच चालतात. बाहेरून स्वस्तात आलेला माल मशीन नाकारतं, आणि ग्राहक ऑनलाइन मागवलेला खोका घेऊन तुमच्याच दारात येतो. मशीन देतानाच हे त्याला सांगून ठेवा.

एक ब्रँड की दोन?

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला एक. प्रत्येक नवा ब्रँड म्हणजे पार्टचं नवं कपाट, नवं ट्रेनिंग, नवे एरर कोड. तीन इंजिनियर असलेल्या दुकानात दोन ब्रँड आले की प्रत्येक इंजिनियर दोन्हींत अर्धा राहतो. एका ब्रँडमध्येही सगळी मॉडेलं घेऊ नका. एकाच इंजिनवर वेगवेगळ्या वेगांची मॉडेलं असतात, ज्यांचे ड्रम, फ्यूजर आणि रोलर बरेचसे सारखे असतात. अशी तीन-चार मॉडेलं निवडलीत तर एक कपाट सगळ्यांना पुरतं.

दुसरा ब्रँड पुढे घ्यायचाच झाला, तर पहिल्यात जी जागा रिकामी आहे तेवढ्यासाठी घ्या. मुख्य ब्रँडची लहान ए-४ मशीन कमकुवत असतील तर फक्त तेवढी दुसऱ्याची. वापरून दुरुस्त केलेली जुनी मशीनही काही जण विकतात. तो चांगला धंदा आहे, पण मुख्य ब्रँडचीच घ्या, म्हणजे पार्ट आणि डोकं दोन्ही तेच वापरता येतं.

शेवटचं काम: पहिली दहा मशीन वहीत

ब्रँड ठरला, करार झाला, तरी पहिली दहा मशीनच विका आणि थोडं थांबा. ती एकाच भागात, पोचायला सोप्या ठिकाणी द्या. प्रत्येकाची पानं महिन्याला लिहा, प्रत्येक कॉलची तारीख, काउंटर, काय झालं, पहिल्याच खेपेला सुटलं की परत जावं लागलं, पार्ट कुठून आणि किती दिवसांनी आला. सहा महिन्यांनी एकूण पानांना एकूण कॉलनी भागा. दोन कॉलमधली सरासरी पानं हा तुमचा स्वतःचा आकडा, आणि तिसऱ्या कामात धरलेल्या आकड्याशी तो ताडून बघता येतो. खूप खाली आला तर अकरावं मशीन विकायच्या आधी पानाचे दर बदला.

पुढच्या वर्षीच्या टार्गेटवर बोलायला कंपनीचा माणूस येईल तेव्हा ही वही टेबलावर उघडी ठेवा. कोणत्या पार्टने किती दिवस खाल्ले ते पान त्याच्याकडे फिरवून दाखवा, आणि त्या पार्टचे दोन-दोन नग तुमच्या कपाटात कंपनीच्या खर्चाने ठेवायला सांगा. माझ्या दुसऱ्या कंपनीने फ्यूजरच्या बाबतीत ते मान्य केलं. ते दोन फ्यूजर अजून माझ्याकडे आहेत, एक गेला की महिन्याच्या आत दुसरा येतो, आणि त्यानंतर गोडाऊनमधला एकही खोका फोडावा लागलेला नाही.